मावळातल्या कळसूत्री लाटा

चिंचवडला माझ्या मेहुण्याच्या गॅलरीत कुंड्यांच्या जागी सध्या एक लाकडी चौकट उभी आहे. तिच्यात सायकलचे चोवीस स्पोक ओळीनं उभे केलेत. प्रत्येक स्पोकच्या डोक्यावर एक लाकडी मणी, पायाशी प्लायवूडची चकती. सगळ्या चकत्या एकाच दांड्यावर ओवलेल्या, पण मधोमध नाही, जरा बाजूला भोक पाडून. दांड्याच्या टोकाला शिलाई मशीनचं जुनं हँडल. हँडल फिरलं की चकत्या वेड्यावाकड्या फिरतात आणि मणी वरखाली होतात. गृहस्थानं छत्तीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली आहेत, त्यामुळे काम साफ होतं, कुठं खडखड नाही. पण पहिल्यांदा हँडल फिरवून दाखवलं तेव्हा त्याचाच चेहरा पडला.

"लाट पाहिजे होती दाजी. ह्या तर लाह्या फुटतायत."

खरंच तसंच दिसत होतं. एक मणी वर, शेजारचा मध्ये, त्याच्या शेजारचा खाली. नुसती तडतड.

हे खूळ त्याच्या डोक्यात आलं ते पुतण्याच्या फोनवर पाहिलेल्या एका व्हिडिओमुळं. रूबेन मार्गोलिन नावाचा कॅलिफोर्नियातला शिल्पकार. हार्वर्डला शिकला, पुढं इटली आणि रशियात जुन्या पद्धतीची चित्रकला शिकला आणि १९९९ साली एका इवल्याशा हिरव्या अळीच्या चालण्यानं झपाटला. ती अळी लाकडात करून बघावी म्हणून बसला, आणि अळीपासून लाटेपर्यंत गेला. त्याची शिल्पं छताला टांगलेली असतात. वर मोटर, कॅम, शेकडो कप्प्या आणि दोऱ्या. खाली लाकडाच्या पट्ट्यांची जाळी. एका दिशेनं एक लाट, तिला काटकोनात दुसरी. प्रत्येक दोरी त्या दोन लाटांची बेरीज करते आणि खालची जाळी पाण्यासारखी हलत राहते. कॉम्प्युटरचं नियंत्रण नाही, बेरीज दोरीच करते.

अशा शिल्पाला इंग्रजीत कायनेटिक म्हणतात. शंभरएक वर्षांचा प्रकार आहे. नाउम गाबो या रशियन कलावंतानं १९१९-२० मध्ये पोलादाची एकच सळई मोटरवर थरथरवली आणि हवेत एक उभी लाट दाखवली; मोटर बंद केली की शिल्प गायब, उरते ती सळई. अलेक्झांडर काल्डर वाऱ्यावर डुलणारी शिल्पं करायचा. तो १९५५ साली साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून अहमदाबादला येऊन राहिला होता आणि तिथं बसून त्यानं शिल्पं केली. हॉलंडचा थिओ यान्सन १९९० पासून घरातल्या वायरिंगच्या प्लॅस्टिक नळ्यांचे सांगाडे करतो, ते समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याच्या जोरावर चालतात. त्यांच्या पायांचं सगळं गणित अकरा आकड्यांत बसवलेलं आहे. हे ऐकून मेहुणा म्हणाला, "अकराच? आमच्या एका डायला दोनशे आकडे असायचे." तेही खरं असावं.

मला मात्र मराठी शब्द हवा होता, आणि तो शोधावा लागला नाही. कळसूत्री. कळ आणि सूत्र, दोन्ही त्यात आलं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवत आली आहेत. त्यांतल्या परशुराम गंगावण्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मार्गोलिनच्या शेकडो दोऱ्या पाहिल्यावर मला कॅलिफोर्निया नव्हे, पिंगुळी आठवली. फरक एवढाच की तिथं दोऱ्या माणसाच्या बोटांना बांधलेल्या असतात, इथं चाकाला.

"आपण मावळात जाऊ," मेहुणा म्हणाला. "लाट कशी होते ते नीट बघायचंय."

मी म्हटलं, लाट बघायची तर अलिबाग नाही का? तर म्हणे, "समुद्राची लाट लई मोठी असते दाजी. डोळ्यात मावत नाही. बारकी पाहिजे, मोजता येईल अशी."

श्रावणातला मंगळवार धरला. शनिवार-रविवारी लोणावळ्याला जाण्याचं धाडस या वयात करू नये.

लोकलनं तळेगाव सोडलं की खिडकी उघडी ठेवायची, भिजलं तरी चालेल. वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली अशी स्टेशनं एकेक करून येतात आणि प्रत्येक स्टेशनागणिक हिरवा रंग गडद होत जातो. हे नुसतं वाटणं नाही. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या घरात. आणि हा सगळा फरक लोकलच्या तासा-दीड तासाच्या अंतरात पडतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये इंद्रायणी हे वाण बाहेर पडलं. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा तो संकर. आज मावळ म्हटलं की इंद्रायणी तांदूळ, इतकं ते इथलं झालंय. पुण्यात इंद्रायणी म्हणून काय काय विकलं जातं हा वेगळा विषय आहे, त्यात शिरत नाही.

कामशेतच्या पुढं गाडी सिग्नलला थांबली. रुळांना लागून खाचरं, भात गुडघाभर वाढलेलं, लावणी होऊन महिना-सव्वा महिना झालेला असावा. वारा आला आणि अख्ख्या खाचरावरून एक उजळ पट्टा सरकत गेला. मागोमाग दुसरा, मग तिसरा, जवळपास सारख्या अंतरानं. मेहुणा खिडकीत पुढं झुकला.

"हे बघा, भात काही जागचं हललं नाही."

खरं तर पहिला धडा इथंच झाला होता. रोप मुळाशी पक्कं आहे, ते वाकतं आणि उठतं, इतकंच. बांधावरून बांधावर जातं ते फक्त वाकणं. जपानी लोकांनी ओंब्यांवर उठणाऱ्या या लाटेला 'होनामी' असा खास शब्दच ठेवलाय. आपण भातखाऊ असून तसा शब्द केला नाही याचं मला जरा वाईट वाटलं. ती उठते कशी, तर भातावरून वाहणारा वारा वेगात असतो आणि रोपांच्या आत अडकलेली हवा संथ. जलद आणि संथ यांच्या सीमेवर हवेचे आडवे भोवरे तयार होतात, लाटण्यासारखे, आणि साधारण सारख्या अंतरावर. प्रत्येक लाटणं पुढं सरकताना खालची रोपं दाबत जातं. पानाची पाठ उलटून दिसते म्हणून तो पट्टा उजळ. म्हणजे आपण पाहतो भात, पण दिसतो वारा.

गाडी हलली आणि आम्ही मळवलीला उतरलो.

मळवली स्टेशनवरून द्रुतगती मार्ग ओलांडून भाज्याच्या वाटेला लागलं की समोर विसापूर आणि लोहगड ढगात डोकं घालून बसलेले दिसतात. भाजे गावातून लेण्यांकडं पायऱ्या चढतात. पाऊस असा की पडतोय हे कळू नये, पण दहा मिनिटांत शर्ट चिकटावा. अर्ध्या पायऱ्यांवर मेहुणा एकदम खाली बसला. मला वाटलं दम लागला.

पायरीवर पैसा चालला होता. मावळात, कोकणात पावसाळ्यात कुठंही दिसतो. काळपट तपकिरी, करंगळीपेक्षा बारीक, शेकडो पायांचा. डिवचलं की गोल गुंडाळून घेतो म्हणून हे नाव. लहानपणी त्याला डिवचण्यापलीकडं आम्ही त्याचं काही केलं नव्हतं. मेहुण्यानं डिवचलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून तो कुशीवर झाला, जमिनीला गाल लावण्याच्या बेतात, आणि बघत राहिला. लेणी बघायला आलेली कॉलेजची दोन मुलं आमच्याकडं बघत वर गेली.

"इकडं या, वाका."

मी वाकलो. पैशाच्या अंगाखालून लाटा जात होत्या. पाय दिसत नव्हते, लाटा दिसत होत्या; शेपटाकडून निघून डोक्याकडं, एकामागून एक, अगदी सारख्या. मग नजर बसल्यावर पाय दिसू लागले. प्रत्येक पाय तेच करत होता: उचल, पुढं टाक, टेक, मागं रेट. त्याच्या शेजारचाही तेच, फक्त किंचित उशिरा. शेजाऱ्याच्या शेजारी आणखी किंचित उशिरा. प्राणिशास्त्रात या चालीचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. पैशाच्या पायांची लाट मागून पुढं, म्हणजे तो चालतो त्याच दिशेला जाते. गोमेच्या काही जातींत ती पुढून मागं जाते. त्याच्या बहुतेक प्रत्येक वळ्याला पायांच्या दोन जोड्या असतात. एवढे पाय एकमेकांत अडकत नाहीत, कारण प्रत्येकानं शेजाऱ्याहून किती उशीर करायचा हे ठरलेलं आहे.

"एका लाटेत किती पाय धरता?" मेहुण्यानं विचारलं.

आम्ही दोघांनी मोजायचा प्रयत्न केला. तो चालतोय, लाट धावतेय, आणि मोजणारे दोघे साठीच्या पुढचे. माझे पंधरा आले, त्याचे वीस. तिसऱ्यांदा मोजताना पैसा पायरीच्या फटीत शिरला.

मेहुणा उठून बसला, गुडघ्याचा चिखल न झटकताच. "मी काय गाढवपणा केलाय कळलं का दाजी? मी चकत्या नव्वद-नव्वद अंशांवर लावल्या. चार मण्यांत एक लाट संपली. चारात डोळ्याला काय दिसणार? ह्याच्या एका लाटेला पंधरा-वीस पाय. उशीर फार बारका पाहिजे."

खिशातून डायरी काढून त्यानं ३६० भागिले १८ मांडलं आणि २० लिहिलं. पाऊस कागदावर पडून आकडा फुटला, म्हणून पुन्हा लिहिलं.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, २२ लेण्यांचा समूह. चैत्यगृहात शिरलं की आधी खांब खटकतात. ते सरळ उभे नाहीत, सगळे आतल्या बाजूला कललेत. लाकडी इमारतीत असे खांब कलते घालतात, कारण छपराचं ओझं त्यांना बाहेर ढकलत असतं. इथं तर अख्खा डोंगर कोरलाय, ढकलणारं कुणी नाही. पण कोरणाऱ्यांच्या हातात सुतारकी होती, ती दगडात उतरली. छताला लाकडी फासळ्याही बसवल्यात, कमानीमागून कमान, आत स्तूपापर्यंत. छताला त्यांची गरज नाही. डोळ्याला आहे. त्या फासळ्यांखालून चालत गेलं की प्रत्येक कमान तुमच्या मागं सरकते आणि पुढची येते. शिल्प स्थिर, तुम्ही हलता, आणि लाट तयार होते.

बाहेरच्या विहारातलं शिल्प मात्र हलतंच. हत्तीवर बसलेला एक राजस पुरुष, इंद्र म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या हत्तीनं सोंडेत उपटलेलं झाड. दुसरीकडं चार घोड्यांचा रथ, त्याला सूर्य म्हणतात, आणि रथाखाली लोळणारा एक अजस्र देह. ही ओळख सगळ्या पंडितांना मान्य नाही, आणि त्यांचं भांडण मजेदार आहे, पण त्या हत्तीपुढं उभं राहिल्यावर नावाचं काही वाटत नाही. ठोस आकार नाहीत, सगळं वाहतंय, चिखलात बोट फिरवल्यासारखं. जवळच एक बाई दोन वाद्यांवर हात टाकून वाजवतेय, दुसरी नाचतेय. तबल्याची कुळी शोधणारे इथवर येतात. मेहुणा लेण्यात फार रमत नाही. तो बाहेरच्या स्तूपांच्या रांगेजवळ जाऊन छतावरून गळणारं पाणी बघत होता. स्तूप एकूण चौदा, काही कपारीच्या आत, काही बाहेर. "हे मात्र लेथवर केल्यासारखे झालेत," एवढा शेरा त्यानं दिला. टूलरूममधून यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मिळत नाही.

दुपारी स्टेशनशेजारी मिसळ खाऊन रिक्षानं इंद्रायणी ओलांडली आणि कार्ल्याला गेलो. कार्ल्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी थोडक्यात आटोपतो. सुमारे ४५ मीटर लांबीचं, भारतातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह. वैजयंतीच्या भूतपाल शेठीनं आपल्या लेखात हे जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं कोरून ठेवलंय, आणि दोन हजार वर्षांत त्याला खोटं पाडणारं फारसं कुणी निघालं नाही. छताच्या सागवानी फासळ्या लेण्याइतक्याच जुन्या मानतात. आमच्या कामाची गोष्ट वेगळीच होती. लेण्याच्या दारातच एकवीरा आईचं देऊळ आहे आणि ती मुंबई-रायगडच्या कोळ्यांची कुलदेवता. आयुष्य लाटांवर काढणारी माणसं चैत्रात पालख्या घेऊन समुद्रापासून इतक्या दूर, घाट चढून या डोंगरावर येतात. त्या दिवशीही एक कुटुंब आलं होतं, म्हातारी अंगभर सोनं घालून. मेहुण्यानं तिला सरळ विचारलं, "मावशी, लाट कशी ओळखायची?"

"कंची लाट?" ती म्हणाली. "वाऱ्याची का दर्याची?"

म्हणजे दोन असतात. वाऱ्याची लाट जवळच्या वाऱ्यानं उठवलेली, बारकी आणि बेशिस्त. दर्याची लाट दूर कुठंतरी वादळात जन्मून शेकडो मैल चालत आलेली, लांब आणि संथ. समुद्रशास्त्रात हा भेद असाच करतात. मार्गोलिनच्या दोरीवर दोन लाटांची बेरीज होते, तसं या दोन्ही होडीखाली एकाच वेळी असतात, आणि म्हातारीला त्या वेगळ्या मोजता येतात.

रात्री लोणावळ्यात राहिलो. सकाळी लवकर निघून आठच्या आत भुशी धरणावर पोचलो, त्यामुळे भज्यांच्या गाड्या नुकत्या लागत होत्या. हे धरण जीआयपी रेल्वेनं वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. इंजिनं गेली, पाणी राहिलं, आणि आता लोक सांडव्याच्या पायऱ्यांवर बसून भिजतात. मला त्यात भाग घ्यावासा वाटला नाही. ३० जून २०२४ ला धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांचा व्हिडिओ साऱ्या देशानं पाहिला. एकमेकांना धरून उभी होती. डोंगरात वर पाऊस वाढला की खालच्या ओढ्याचं पाणी हळूहळू चढत नाही, फुगून एकदम येतं. तीही लाटच.

टायगर पॉइंटकडं जाणारा रस्ता चढाचा आहे, आणि तिथं त्या दिवसाची खरी कमाई झाली. जोराची सर आली, आम्ही रिक्षा थांबवून एका टपरीच्या आडोशाला उभे राहिलो. डांबरावरून पाण्याचा पातळ थर खाली वाहत होता, नखभर जाडीचा. आणि तो सरळ वाहत नव्हता. पट्ट्यापट्ट्यांनी येत होता. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या, कमानदार लाटा, एकामागून एक, खाली येताना मोठ्या होत जाणाऱ्या. चादर झटकल्यासारख्या. वर नळ कुणी उघडझाप करत नव्हतं. पाऊस एकसारखा, उतार एकसारखा. तरी पाणी तालात येत होतं.

मी हे आयुष्यभर पाहिलं असणार आणि कधीच पाहिलं नव्हतं. पाणी उथळ असलं की त्यावरच्या लाटेचा वेग खोलीवर ठरतो. सेंटीमीटरभर पाण्यात ती सेकंदाला तीसेक सेंटीमीटर जाते, जास्त खोल असेल तर जास्त. त्यामुळे थराला कुठं जरा फुगवटा आला की तो फुगवटा पुढच्या पातळ पाण्याहून जलद पळतो, त्याला गाठतो, गिळतो आणि आणखी जाड होऊन आणखी जलद पळतो. उतार कमी असेल तर हे विरून जातं. पण पाण्याचा स्वतःचा वेग त्या लाटेच्या वेगाच्या साधारण दुपटीपुढं गेला की थर सरळ राहूच शकत नाही, लाटांत मोडतो. हॅरॉल्ड जेफ्रीज या इंग्रज शास्त्रज्ञानं १९२५ मध्ये याचं गणित मांडलं. ते मांडायला त्याला लोणावळ्याला यायची गरज पडली नाही. आला असता तर टपरीवाल्यानं चहा दिला असता.

टपरीवाल्याला मेहुण्यानं लाटा दाखवल्या. तो म्हणाला, "हे रोजचंच आहे." मग तोही बघत राहिला, आणि दूध उतू गेलं.

टायगर पॉइंटवर काही दिसलं नाही. म्हणजे दरी दिसली नाही, पांढरं दिसलं. त्या पांढऱ्यातून पाऊस वर येत होता. अक्षरशः वर, हनुवटीखालून. कोकणातून सुटलेला वारा सह्याद्रीच्या उभ्या कड्यावर आदळतो, त्याला वर चढण्यावाचून वाट नाही. मिलिमीटरभर व्यासाचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे चार मीटरनं पडतो, पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब नऊ मीटरनं. वर चढणारा वारा याहून जोरात असला की थेंबाला खाली जाताच येत नाही. बारीक थेंब आधी उलटतात, टपोरे हट्टानं पडत राहतात. म्हणजे एकाच जागी पाऊस वरही जात होता आणि खालीही येत होता. छत्री उघडण्याचा मूर्खपणा मी केला. तिच्या काड्यांचं पुढं काय झालं ते सांगत नाही.

येताना वळवणच्या तलावाशी थांबलो. पाऊस उघडला होता, वारा जवळपास नव्हता. तलावातून बाहेर पडणाऱ्या एका ओहोळात काडी रोवलेली होती, आणि काडीच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, बारीक सुरकुत्या जागच्या जागी उभ्या होत्या. पाणी वाहतंय, सुरकुत्या हलत नाहीत. याला कारण आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर लाट एका ठरावीक वेगाहून हळू जाऊच शकत नाही. मोठ्या लाटांना गुरुत्वाकर्षण पळवतं, अगदी बारक्यांना पाण्याचा ताण पळवतो. दोघांच्या मधली सगळ्यात आळशी लाट १.७ सेंटीमीटर लांबीची, आणि तिचा वेग सेकंदाला २३ सेंटीमीटर. लॉर्ड केल्विननं १८७१ मध्ये हा हिशेब केला. मेहुण्यानं आपला पंजा ताणून काठाच्या दगडावर ठेवला. "तेवीस? म्हणजे एक वीत." आणि १.७ म्हणजे बोटाच्या पेराहून जरा कमी. पाणी सेकंदाला वीतभराहून जोरात वाहत असेल तरच काडीपुढं सुरकुती उभी राहते. त्याहून हळू असेल तर नाही. त्यानं एक पान सोडलं आणि घड्याळ न बघता आकडे म्हणत गेला. पान वीतभराच्या बरंच पुढं गेलं.

वळवण, लोणावळा, शिरवटा. टाटांच्या या तलावांचं पाणी नळांतून पाचशे मीटरहून खाली, खोपोलीला पडतं. १९१५ मध्ये तिथून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. शेजारच्या मुळशीत अशाच धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली १९२१ पासून सत्याग्रह झाला, हे या तलावांच्या देखणेपणात विसरायला होतं. मेहुण्याच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र फिरत होतं. "दाजी, आमच्या शॉपमध्ये मशिनी थ्री फेजवर चालायच्या. तीन फेज म्हणजे काय? तीन तारा, तिन्हींत सेकंदाला पन्नास लाटा. आणि प्रत्येक तार शेजारणीहून एक तृतीयांश उशिरा. ह्या उशिरावरच मोटर फिरते. तिन्ही एकदम आल्या तर मोटर जागची हलणार नाही, नुसती गुंगुं करेल."

छत्तीस वर्षं तो ज्या यंत्रांपुढं उभा होता त्यांचं पाणी कदाचित इथलंच असेल, कदाचित नसेल. त्याला ते विचारलं नाही. तो डायरीत थ्री फेजच्या तीन लाटा काढत होता, आणि त्यांच्याखाली पैशाचे पाय.

परतीच्या लोकलमध्ये समोर एक मुलगी हँडलना लोंबकळत होती. गाडी वळली की सगळी रिकामी हँडलं एकामागून एक झुलायची. मेहुणा तिकडं बघून माझ्याकडं बघायचा. मी मान डोलवायचो. कामशेतची खाचरं अंधारात गेली होती.

नऊ दिवसांनी त्याचा फोन आला. चकत्या पुन्हा कापल्या, प्रत्येक वीस अंशांनी पुढं. अठरा मण्यांत एक लाट पुरी होते, उरलेले सहा पुढच्या लाटेतले.

"चालला का पैसा?" मी विचारलं.

"चालतोय दाजी. पण शेपटाकडं." मागून हँडलचा आवाज येत होता. "थांबा, उलटं फिरवून बघतो."